घरच्या पार्किंगमधली हायड्रॉलिक कार लिफ्ट : वापर, तेल, हवा आणि बाकीच्या कटकटी

पान्ना१३ (धागाकर्ता)

हा धागा दोन सुट्या चौकटींच्या लिफ्टबद्दल आहे. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे, डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा चौकटी सरकवायच्या. मोटर, पंप आणि टाकी एकत्र असलेला पॉवर पॅक बाजूला ठेवायचा आणि त्यातून दोन होज चौकटींना जोडायचे. गाडी साधारण ४५ ते ५५ सेंमी वर जाते. ऑइल बदलणं, ब्रेक, सस्पेन्शन, सायलेन्सर एवढी कामं आरामात होतात. ट्रॉली जॅकवाल्यांनीही लिहावं, हायड्रॉलिक्स तेच आहे.

विकत घेण्याआधी टेप घेऊन दोन मापं काढा.

पहिलं माप लांबीचं. व्हीलबेसमधून (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर) टायरचा व्यास वजा केला की चौकटीला मिळणारी जागा कळते. स्विफ्टचा व्हीलबेस २४५० मिमी. १८५/६५ आर १५ टायरचा व्यास साधारण ६२० मिमी. म्हणजे उरले १८३० मिमी. चौकट यापेक्षा आखूड हवी आणि तिचे रबरी ठोकळे दोन्ही जॅक पॉइंटांखाली (गाडी उचलायच्या ठरलेल्या जागा) पोचायला हवेत. क्रेटाचा व्हीलबेस २६१०, इनोव्हा क्रिस्टाचा २७५०. क्रिस्टासाठी घेतलेली लांब चौकट वॅगनआरखाली (२४३५) बसेलच असं धरून चालू नका. घरात दोन गाड्या असतील तर दोन्हींची मापं काढा.

दुसरं माप छताचं. क्रिस्टाची उंची जवळपास १८०० मिमी, त्यात ५३० मिमी उचल मिळवली की झाले २३३०. स्टिल्ट पार्किंगमध्ये लोक स्लॅबची उंची मोजतात आणि बीम, स्प्रिंकलरचा पाइप, केबल ट्रे विसरतात. शिवाय बहुतेक चौकटी सरळ वर जात नाहीत, कमानीत सरकत वर जातात, म्हणजे गाडी उचलताना पुढे किंवा मागेही सरकते. समोरची भिंत आणि मागचा खांब यांच्यासाठी जागा सोडा.

निळी_वॅगनआर

वजनाचं कसं धरायचं? लिफ्टवर २२०० किलो लिहिलंय, माझी गाडी ८५० किलोच्या आसपास. म्हणजे कुठेही ठोकळा लावला तरी चालेल ना?

सांगलीकर

नाही हो. लिफ्टला चालेल, पत्र्याला चालणार नाही. २२०० हा आकडा दोन्ही चौकटी मिळून आणि भार चारही ठोकळ्यांवर नीट वाटलेला असताना आहे. आपल्याकडच्या पुढच्या चाकांच्या ओढीच्या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स दोन्ही पुढे, त्यामुळे निम्म्याहून बरंच जास्त वजन पुढच्या दोन ठोकळ्यांवर येतं.

ठोकळा कुठे लावायचा ते मालकाच्या पुस्तिकेत चित्र असतं. मोनोकॉक गाडीत (वेगळी चॅसी नसलेल्या, बॉडी हाच सांगाडा असलेल्या) दरवाज्याखाली पत्र्याची जी उभी शिवण दिसते, तिच्यावर चाकांजवळ दोन खाचा किंवा खुणा असतात. त्या खुणांमधली शिवण आतून जादा पत्रा लावून मजबूत केलेली असते. चार बोटं इकडे तिकडे झालं की शिवण आडवी होते आणि अँटीरस्टचा थर फुटून गंज तिथूनच सुरू होतो. ठोकळा मधे खाच असलेला घ्या, म्हणजे शिवण खाचेत बसते आणि भार दोन्ही बाजूंच्या सपाट पत्र्यावर येतो.

बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, फॉर्च्युनर, क्रिस्टा या लॅडर चॅसीच्या, म्हणजे खाली शिडीसारखा वेगळा लोखंडी सांगाडा असलेल्या गाड्या. यांना चॅसीच्या रेल्सवर उचलायचं, दरवाज्याखालच्या पत्र्यावर किंवा फूटस्टेपवर नाही. रेल आतल्या बाजूला आणि उंच असते, म्हणून उंच ठोकळे लागतात. ते कंपनीचेच घ्या. लाकडाचे तुकडे एकावर एक रचू नका. चौकट कमानीत फिरते तेव्हा रचलेली चळत पत्त्यांसारखी घसरते.

इलेक्ट्रिक गाडीत मधला सगळा तळ बॅटरीचा असतो. ठोकळा बॅटरीच्या कव्हरला निसटतासुद्धा लागता कामा नये.

पान्ना१३

+१. आता जमीन. बहुतेकांची गडबड इथेच होते.

काँक्रीट सपाट आणि न तडकलेलं असेल तर उत्तम. सोसायट्यांत मात्र पेव्हर ब्लॉक असतात. ६० मिमीचे ब्लॉक वाळूवर बसवलेले असतात, चौकटीच्या टोकाखालचा एखादा ब्लॉक खचला की चौकट पिळते. तिथे चौकटीच्या पूर्ण लांबीला पुरेल अशी १८ मिमी मरीन प्लायची अखंड पट्टी टाका, दोन तुकडे जोडून नको. डांबरावर उन्हाळ्यात काम करूच नका. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी डांबर अंगठ्याने दाबलं तरी मऊ लागतं, लोखंडी चौकट त्यात रुतते. पार्किंगला पाणी वाहण्यासाठी उतार दिलेला असतो, तोही बघा. लेव्हल ट्यूब लावून दोन चौकटींमधला फरक मोजा. उतार डोळ्यांना दिसत असेल तर ती जागा सोडा.

उचलण्याचा क्रम:

१. चाकांचे नट काढायचे असतील तर गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करा. वर चढवून लांब पाइप लावून झटके देणं बंद.

२. चौकटी समांतर सरकवा, ठोकळे खुणांखाली. पाहायला वाकू नका, आडवे व्हा.

३. ठोकळे पत्र्याला टेकेपर्यंत वर घ्या आणि थांबा. चारही जागी पुन्हा बघा.

४. टायर जमिनीवरून जेमतेम सुटेल एवढं वर घ्या. बोनेटवर आणि डिकीवर हाताने ढकलून बघा. कुरकुर, सरक, काहीही जाणवलं तर खाली घ्या आणि परत लावा.

५. पूर्ण वर घ्या, लॉक पडल्याचा आवाज दोन्ही चौकटींतून ऐका, मग *खाली सोडून* गाडी लॉकवर बसवा.

पाचव्यातला दुसरा भाग लोक गाळतात. लॉक नुसतं पडून उपयोग नाही, भार त्याच्यावर आला पाहिजे. तेल गाडी उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी लोखंड आहे. होज फुटला, सील उलटलं, कुणी रिमोटचं बटण दाबलं, तरी लॉकवर बसलेली गाडी हलत नाही. दोन्ही लॉक एकाच खाचेत आहेत का तेही बघा. एक वरच्या आणि एक खालच्या खाचेत असलं तर गाडी तिरकी उभी राहते आणि वर असताना ते चटकन लक्षात येत नाही.

खाली घेताना आधी थोडं *वर* घ्यायचं, लॉक मोकळे झाले की ते उलटवायचे, मग खाली.

हँडब्रेक आणि गिअरबाबत तुमच्या लिफ्टच्या पुस्तिकेत जे असेल तेच करा. कारण वर सांगितलं तेच. गाडी कमानीत सरकते, आणि चाकं पूर्ण सुटण्याआधी ती जाम असतील तर ठोकळा शिवणीवर ओढला जातो. कुठली चौकट कुठल्या दिशेला सरकते यावर नियम बदलतो.

हेमांगी_पुणे

दोन्ही बाजू एकसारख्या वर येत नाहीत. डावी चौकट आधी उठते, उजवी मागून येते. वर गेल्यावर दोन्ही सारख्या. ही खराबी आहे का? आणि खाली येताना उजवी कधीकधी मधेच अडते.

ऑइलसील

ताई, तुमचे दोन प्रश्न वेगळे आहेत. दुसरा धोक्याचा आहे, म्हणून आधी तो.

खाली येताना एकच चौकट अडते तेव्हा पहिला संशय क्विक कपलरवर (होज चौकटीला झटपट जोडायचा जोड). कपलरच्या आत दोन्ही अंगांना एकेक झडप असते, पूर्ण बसल्यावरच ती उघडते. कपलर अर्धवट बसला असेल तर जाताना पंपाच्या दाबाने तेल ढकललं जातं, पण परत येताना फक्त गाडीच्या वजनाचा दाब असतो आणि झडप बंद राहते. एक बाजू उतरते, एक वरच. अशा वेळी उतरवणं ताबडतोब थांबवा, परत वर घ्या आणि लॉकवर बसवा. दाबाखाली असलेला कपलर ओढून काढायचा प्रयत्न करू नका. दाब उतरल्यावर कपलर पुसा, कॉलर मागे ओढून आत ढकला, सोडल्यावर कॉलर पुढे येऊन टचकन बसली पाहिजे. काम नसताना दोन्ही तोंडांवर रबरी टोपी हवीच. त्यात गेलेला वाळूचा एक कण पुढे उतरण्याच्या वाल्व्हच्या सीटवर जाऊन बसतो.

आता पहिला प्रश्न. साध्या टी जोडणीत तेल कमी विरोधाच्या बाजूला आधी जातं. ज्या बाजूला वजन कमी ती आधी उठते. फ्लो डिव्हायडर (तेल दोन्ही बाजूंना सारखं वाटणारा भाग) असलेल्या लिफ्टमध्ये फरक कमी असतो, पण शून्य नसतो. फरक किती चालेल ते पुस्तिकेत असतं. पूर्वी नसलेला फरक अचानक दिसू लागला, किंवा चौकट धक्के खात वर जाते, तर सिलिंडरमध्ये हवा आहे.

हवा का त्रास देते? तेल दबत नाही, हवा दबते. आधी हवा दबते, मग ती स्प्रिंगसारखी एकदम सुटते. झटके त्याचेच.

हवा काढायची ती गाडी *नसताना*. चौकटी रिकाम्या पूर्ण वर, पूर्ण खाली, असं पाच-सहा वेळा. प्रत्येक वेळी खाली आल्यावर टाकीतले बुडबुडे विरायला दोन-तीन मिनिटं द्या. एवढ्याने गेली नाही तर सिलिंडरच्या टोकाला ब्लीड स्क्रू असतो. चौकटीचं ते टोक लाकडावर ठेवून थोडं उंच करा, म्हणजे हवा तिथे गोळा होते. स्क्रू पाव आटा सैल, मोटरचं बटण क्षणभर टिचकी मारल्यासारखं, फेस संपून सलग तेल आलं की बंद. चेहरा त्या रेषेत नको, चष्मा हवा. काही मॉडेलांत सिलिंडरच्या दुसऱ्या अंगाला मुद्दाम भरलेली हवा असते, चौकट खाली ढकलायला. तो वाल्व्ह वेगळा. त्याला ब्लीड स्क्रू समजून सोडलंत तर रिकामी चौकट खाली यायची बंद होईल.

कुडाळकर

ट्रॉली जॅकची हवा यापेक्षा सोपी. रिलीज वाल्व्ह उघडा ठेवून हँडल १०-१५ वेळा भराभर मारा, वाल्व्ह बंद करा, परत उचलून बघा. तेल भरायचं ते राम (जॅकचा वर-खाली होणारा दांडा) पूर्ण आत असताना, भरणीच्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंत. राम वर असताना भरलंत तर उतरताना जादा तेल सीलांतून बाहेर.

ट्रॉली जॅकची चाकं फिरायला मोकळी हवीत. त्याची वाटीसुद्धा (गाडीला टेकणारा वरचा भाग) कमानीत वर जाते, म्हणून जॅक स्वतः गाडीखाली थोडा सरकला पाहिजे. पेव्हरच्या फटीत चाक अडकलं की जॅक सरकत नाही, वाटी सरकते. आणि खाली शिरण्याआधी दोन्ही बाजूंना स्टँड, नुसत्या ट्रॉली जॅकवर कधीच नाही. विटा, सिमेंटचे ब्लॉक तर अजिबात नकोत, ते वाकत नाहीत, एकदम फुटतात.

निळी_वॅगनआर

तेल कोणतं? घरी इंजिन ऑइल आणि ब्रेक ऑइल दोन्ही शिल्लक आहे.

ऑइलसील

दोन्ही नको. डॉट ३, डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकोलचं असतं. लिफ्टची सीलं बहुधा नायट्राइल रबराची. ब्रेक ऑइलमध्ये नायट्राइल फुगतं, मऊ होतं, आणि मग सगळी सीलं बदलण्याशिवाय इलाज नाही. इंजिन ऑइल सीलांना मारत नाही, पण ते जाड असतं आणि त्यातलं डिटर्जंट पाणी आणि घाण तेलातच तरंगत ठेवतं. हायड्रॉलिक टाकीत पाणी खाली बसून निथळलं पाहिजे.

पुस्तिकेत काही वेगळं नसेल तर आयएसओ व्हीजी ३२ ग्रेडचं, झिजविरोधी हायड्रॉलिक ऑइल. सर्वो सिस्टम ३२, एचपी एन्क्लो ३२, कॅस्ट्रॉल हायस्पिन ३२, जे मिळेल ते. दुकानदार ६८ पुढे करतो, कारण जेसीबी-ट्रॅक्टरवाल्यांमुळे तेच जास्त खपतं. ६८ ने पंप चालेल, पण नाशिकच्या जानेवारीतल्या सकाळी रिकामी चौकट खाली यायला ताटकळाल. काही कंपन्या एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं म्हणतात, तसं लिहिलं असेल तर चालतं. पण टाकीत एक, वरून दुसरं असं नको.

पातळी नेहमी दोन्ही चौकटी पूर्ण खाली असताना बघायची. वर असताना टाकी रिकामी दिसणारच, तेल सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. तेव्हा भरलंत तर उतरवताना ब्रीदरमधून (टाकीच्या बुचातलं हवेचं छिद्र) कारंजं.

ब्रीदरवरून आठवलं, नव्या पॉवर पॅकच्या टाकीला वाहतुकीसाठी बंद बूच लावलेलं असतं. ते काढून छिद्राचं ब्रीदर बूच लावायचं असतं. राहिलं तर टाकीत निर्वात होतो, पंप किंचाळतो आणि लिफ्ट अर्ध्यावर थांबते. "नवी लिफ्ट खराब निघाली" या तक्रारीत आधी हे तपासा.

टाकी पुसायला कॉटन वेस्ट नको. त्याचे धागे सक्शनच्या जाळीवर जमतात. धागे न सुटणारं कापड वापरा.

मीटरमास्तर

विजेचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

२३० व्होल्टचा दीड-दोन हॉर्सपॉवरचा पॉवर पॅक चालू असताना ८ ते १० अँपिअर घेतो आणि सुरू होताना त्याच्या काही पट. म्हणून १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, २.५ चौमिमी तांब्याची वायर, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळतीचा करंट दिसताच वीज तोडणारा स्विच) आणि खरंखुरं अर्थिंग. एक्स्टेन्शन बोर्ड गुंडाळलेल्या रिळावर असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते. लांब बारीक वायरमुळे व्होल्टेज पडतं, मोटर घुमते पण फिरत नाही, आणि लोक पंपाला दोष देतात. घुमणाऱ्या मोटरचं बटण धरून ठेवू नका. वाइंडिंग जळायला फार वेळ लागत नाही.

१२ व्होल्टचा पॉवर पॅक गाडीच्या बॅटरीवर चालतो, पण शंभराच्या वर अँपिअर ओढतो. ३५ अँपिअर-तासाची जुनी बॅटरी त्यात दम तोडते. जम्पर केबल जाड घ्या, चिमटे घासून स्वच्छ ठेवा. आणि बॅटरी उचललेल्या गाडीचीच वापरत असाल तर खाली उतरवायलाही करंट लागतो हे आधी लक्षात घ्या.

एडिसनवासी

माझा भाऊ ठाण्यात. इथून ११० व्होल्टचा सेट कंटेनरमधून पाठवला तर स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालेल का?

मीटरमास्तर

दादा, चौकटी पाठवा, मोटरचा विचार करा. ११० ची मोटर थेट २३० वर लावली तर धूर. ट्रान्सफॉर्मर लावायचा तर सुरुवातीच्या झटक्यासाठी दीड किलोवॉटच्या मोटरला किमान ३ केव्हीए. शिवाय तुमच्याकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. मोटर एक षष्ठांश हळू फिरेल, आणि कमी फ्रीक्वेन्सीला तेवढाच व्होल्टेज दिल्यामुळे जास्त तापेल. एका उचलीला चालेल, सारखं खाली-वर केलंत तर नाही. त्यापेक्षा १२ व्होल्टचा पॉवर पॅक मागवा, त्याला देश कळत नाही.

ऑइलसील

आणि तिकडच्या चौकटींना इकडे फिटिंग शोधताना सावध. अमेरिकन माल एनपीटी आट्यांचा (तिकडचं पाइपच्या आट्यांचं मानक) असण्याची शक्यता बरीच, आपल्याकडे बीएसपी (ब्रिटिश मानक) सर्रास. पाव इंचाला एनपीटीचे इंचाला १८ आटे, बीएसपीचे १९. दोन-तीन आटे गोडीगुलाबीने जातात, म्हणून बसलं असं वाटतं, आणि दाब आला की सुटतं. अर्ध्या इंचाला तर दोघांचेही १४ आटे, फक्त आट्याचा कोन वेगळा (एनपीटी ६० अंश, बीएसपी ५५). जुनं फिटिंग बरोबर घेऊन होजवाल्याकडे जा. भोसरी, अंबड, वाळूज, गोकुळ शिरगाव, कुठल्याही एमआयडीसीच्या तोंडाशी होज क्रिंप करणारी दुकानं आहेत. बीएसपी समांतर आट्याला डाउटी सील (रबर चिकटवलेला धातूचा वॉशर) लावायचं, टेफलॉन टेप नाही. टेपचा तुटलेला तुकडा वाल्व्हमध्ये गेला की लिफ्ट हळूहळू बसू लागते.

होजला फुगवटा, पिळ, उघडी पडलेली तार दिसली की बदला, वरून टेप गुंडाळू नका. आणि गळती शोधताना होजवरून *हात फिरवू नका*. सुईच्या भोकातून दाबाने आलेलं तेल कातडीत घुसतं, वर बारीक टोचल्यासारखं दिसतं, आत हाताची वाट लागते. असं झालं तर दुखत नसलं तरी थेट हॉस्पिटल गाठा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा होजजवळून फिरवा, डाग पडेल.

हेमांगी_पुणे

कपलरच होता! कॉलर पूर्ण बसत नव्हती, आत माती. साफ केल्यावर दोन्ही चौकटी एकत्र उतरल्या. पण आता लॉक न लावता वर ठेवून बघितलं (गाडी नव्हती, रिकामी) तर रात्रभरात चौकट तीन बोटं खाली.

ऑइलसील

तीच माती आता उतरण्याच्या वाल्व्हमध्ये असेल. रिकामी चौकट पूर्ण वर न्या, उतरण्याचं बटण झटपट दाबा-सोडा, दहाएक वेळा. वेगाने जाणारं तेल कण वाहून नेतं. नाही गेला तर दाब उतरवून वाल्व्हचं कार्ट्रिज काढा, रॉकेलमध्ये धुवा, हवा मारा, ओ-रिंगांना तेल लावून परत बसवा. त्यानंतरही बसत असेल आणि बाहेर तेल दिसत असेल तर सिलिंडरचं सील.

एक विनंती सगळ्यांनाच, रिलीफ वाल्व्हचा (दाब मर्यादेबाहेर गेला की तेल परत सोडणारा) स्क्रू फिरवू नका. "जड गाडी उचलत नाही म्हणून थोडा आवळला" हे वाक्य होज फुटण्याआधीचं असतं. सुरुवातीलाच सगळ्यात जास्त दाब लागतो, कारण सिलिंडर जवळजवळ आडवा असतो. १० अंशांच्या कोनात त्याच्या जोराचा जेमतेम १७ टक्के भाग उभा लागतो, ४५ अंशांना ७१ टक्के. म्हणून तळातून उठताना मोटर कण्हते आणि पुढे सुरळीत जाते. तळातून उठतच नसेल तर ठोकळे उंच घ्या, म्हणजे चौकट थोडी उघडल्यावर भार येईल.

कुडाळकर

कोकणातल्यांसाठी. पावसाळ्यात लिफ्ट उघडी ठेवू नका, आणि ठेवताना पूर्ण खाली ठेवा, म्हणजे क्रोमचा रॉड सिलिंडरच्या आत तेलात राहतो. बाहेर राहिलेल्या रॉडवर खारी हवा टिपके पाडते, तेच टिपके पुढे सील कापतात. बिजागरीच्या पिनांना दर दोन-तीन महिन्यांनी एपी-३ ग्रीस, रॉडला नाही, ग्रीसला चिकटलेली धूळ सीलमध्ये जाते. तेल दुधाळ दिसलं म्हणजे पाणी गेलं. सगळं काढा, थोडं नवं घालून चार वेळा खाली-वर करा, तेही काढा, मग भरा. एरवी दोन वर्षांनी बदललं तरी पुरे.

सांगलीकर

जळालेलं इंजिन ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, त्यांच्याकडून ते पुढे जातं. चौकटींच्या मधे जुना फ्लेक्स पसरा, सेक्रेटरींचा अर्धा आक्षेप तिथेच मिटतो. उरलेला अर्धा पोडियमवाल्यांना, म्हणजे ज्यांचं पार्किंग तळघराच्या छतावर आहे त्यांना लागू. खाली तळघर असेल तर त्या स्लॅबवर किती भार चालतो ते सोसायटीच्या स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये बघून मगच चौकटी मांडा.

निळी_वॅगनआर

छत मोजलं. १६७५ अधिक ५३०, झाले २२०५. बीम २१८० वर. मधल्या खाचेच्या लॉकवरच काम करावं लागेल असं दिसतंय.

पान्ना१३

चालेल. पण बटण दाबताना नजर बीमवर ठेवायला दुसरा माणूस उभा करा, आणि मधल्या खाचेची उंची आधी रिकाम्या चौकटीवर टेपने मोजून घ्या.